बाजे पेटीत गेले तेव्हा

आमच्या माहीम गावातल्या घरात बाजे पेटीत जाण्याचा एकच अर्थ होता. वडील गावच्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. लगीनसराई संपली की ते क्लॅरिनेट पुसून, जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत ठेवायचे, आणि मग पावसाळाभर वडील आमचे. ते गेल्यावर क्लॅरिनेट धाकट्या भावाकडे आलं. त्यावरच तो शिकला आणि लष्कराच्या बँडमध्ये लागला. आई सगळ्यांना ठासून सांगायची, "पोरगा फौजेत हाय, पन वाजवायला हाय. बंदुकीशी त्याचा काय संबंध नाय." मलाही तसंच वाटायचं, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी त्याचा फोन यायचा तेव्हा मागे बँडचा सराव चालू असायचा. आई आधी तो ड्रम ऐकायची, मग त्याच्याशी बोलायची.

मग सरहद्दीवर वातावरण तापलं. मी बोईसरला राहते. तिथे हवाई हल्ल्याच्या सरावाचा भोंगा वाजला, आणि कारखान्यांच्या भोंग्यांना सरावलेल्या अर्ध्या बाजाराला वाटलं, शिफ्ट सुटली. भाजीवाला आभाळाकडे बघावं की गिऱ्हाइकाकडे या विचारात तसाच उभा राहिला. माझीही गत काही वेगळी नव्हती. मला एवढंच सुचलं की आई एकटी आहे. चार कपडे पिशवीत कोंबले आणि तडक माहीम गाठलं.

त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. मागे सगळं शांत.

"बाजा का नाय वाजत?" आईने विचारलं.

"पेटीत ठेवलेत सगळे."

आईचा चेहरा उजळला. "मंग येतोस ना घरी?"

तो म्हणाला, "ताईला दे."

मी फोन घेऊन अंगणात आले. "ताई, लढाई लागली का बँडवाले बाजे ठेवतात नि स्ट्रेचर उचलतात. जखमींना आनायचं काम आमचंच. आमाला पुढं पाठवतायत. आईला सांगू नको."

"पुढं म्हणजे कुठं?"

"ते नाय सांगता येत."

कोळणीने दारात पापलेट कापलं तरी तोंड फिरवणारा हा माणूस. वाजवणाऱ्याला तिथे कशाला नेतात, हेच माझ्या डोक्यात शिरेना. संताप आला, पण तो काढायचा कुणावर? आत आले तर आई राजेळी केळी सोलत बसली होती. त्याला सुकेळी आवडतात, येईपर्यंत उन्हात छान सुकतील, म्हणाली.

पुढचे काही दिवस त्याचा फोन लागेना. सकाळी केळी उन्हात टाकायची, दुपारी उलटायची, एवढंच काम मला नीट जमत होतं. आई शेजारीपाजारी सांगून आली, पोरगा येतोय म्हणून. मी तिला अडवायला हवं होतं की तिचं सुख तिच्याकडे राहू द्यायला हवं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. बोलायला तोंड उघडायचे आणि माशा फार झाल्यात असं काहीतरी म्हणायचे. मला भीती वाटत होती. घरात दोघी होतो आणि घाबरलेली मी एकटीच होते.

नंतर टीव्हीवर सांगितलं, गोळीबार थांबला. थांबला म्हणजे कायमचा का, ते काही कळेना, आणि भाऊ कुठे आहे ते तर कुणी सांगणारच नव्हतं.

एका संध्याकाळी फोन वाजला. आईने स्पीकर लावला. त्याचं "हॅलो" यायच्या आधीच मागून ड्रम ऐकू आला, आणि कुणीतरी क्लॅरिनेटमध्ये बेसूर फुंकर मारली. मी उंबऱ्यावर बसले आणि रडायला लागले.

आईचेही डोळे भरून आले होते. सुकेळ्यांचा डबा तिने फळीवर मागे सरकवला.

"वाजायला लागले, बाय," ती म्हणाली. "म्हंजे आता येत नाय तो."