शेवटच्या पानावरचं मत

डांबरगोळ्यांचा वास आला की मला वडवणीच्या वाचनालयाच्या, डांबरगोळ्या घातलेल्या कपाटातलं ते पुस्तक आठवतं. नाव बदलून टोळीत शिरलेले दोन गुप्तहेर, त्यांचं प्रेम, पाठलाग. बायकोनं दोन दिवसांत संपवून माझ्या हातात दिलं. आमच्याकडचे वाचक शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं मत लिहितात, आणि मी आधी तेच वाचतो. 'लई भारी.' 'शेवट पटला न्हाई.' 'हिरोईन उगीच रडते.' त्याखाली किराण्याच्या यादीतलं ओळखीचं, बायकोचं अक्षर होतं: 'दोन वर्षं दुसऱ्या नावानं राहिली तर एवढं काय रडायचं? आम्ही बायका जन्मभर राहतो.' लग्नात तिचं नाव मीच बदललं होतं, ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहून. मला बसवेना. अंगणात चार फेऱ्या मारल्या, मग स्वयंपाकघरात जाऊन विचारलं, "तुला माहेरच्या नावानं हाक मारू का?" भाकरी थापता थापता ती म्हणाली, "आता कावून? त्या नावाला ओ द्यायची सवय मोडली माझी." पुस्तक मी न वाचताच परत केलं. आजही तिला हाक मारायच्या आधी मी घुटमळतो, आणि शेवटी नुसतंच "अगं" म्हणतो.