प्रमिलाबाईंची रडायची जागा

पारोळ्याच्या प्रमिलाबाईंना स्तनाचा कॅन्सर निघाला, आणि त्यांच्या नवऱ्याने, म्हणजे बी-बियाण्यांचं दुकान चालवणाऱ्या मोतीलालभाऊंनी, त्याच दिवशी घरात रडण्यावर बंदी घातली. आनंदी रोग्याचा कॅन्सर पळून जातो, असं त्यांना मोबाइलवर कोणीतरी पाठवलं होतं. पाठवणाऱ्याला ते कोणी सांगितलं, हे विचारायची त्यांना गरज वाटली नाही. बियाण्याच्या पिशवीवर छापलंय ते खरं मानायची दुकानदारी सवय.

"रडीसन दवाई लागू पडत नही," ते म्हणाले. "आते बठ्ठासनी हसानं."

मग काय, घरात आनंदाचा नुसता धुमाकूळ सुरू झाला. टीव्हीवरच्या रडक्या मालिका बंद झाल्या. सून दिपमाला कणीक मळतानाही दात दाखवू लागली. भेटायला येणाऱ्यांना मोतीलालभाऊ ओट्यावरच गाठून समज द्यायचे, त्यामुळे नणंद कोकिळा आत आली ती फोटो काढायला बसल्यासारखं तोंड करून. कॅन्सर हा शब्द तर कोणी उच्चारायचाच नाही, त्याला नुसतं 'ते' म्हणायचं. प्रमिलाबाई आतून भ्यालेल्या असायच्या आणि हसून पाहुण्यांना चहा विचारायच्या. आपल्याच मरणाच्या भीतीचा असा पाहुणचार करायची पाळी कोणावर येऊ नये.

धुळ्याच्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "झोप लागते का? जेवण जातं का?"

"एकदम टकाटक," मोतीलालभाऊंनी उत्तर दिलं. पेशंट शेजारीच बसली होती, पण तिला विचारून घ्यावं असं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. काट्यावर वजन मात्र उतरत होतं. शेवटी केमोचा डोस पुढे ढकलावा लागला. असे डोस चुकत गेले तर आजार पुन्हा डोकं वर काढेल, असं डॉक्टरबाईंनी बजावलं. मोतीलालभाऊंनी घरी येऊन हसण्याचं प्रमाण वाढवलं.

अशात बाजारपेठेतल्या रुपचंदशेठची आई वारली. आपल्याकडे माणूस गेलं की घरटी एका बाईने त्यांच्या दारावर बसायला गेलंच पाहिजे, आणि दिपमाला तर माहेरी गेलेली. प्रमिलाबाई निघाल्या. तिथे डोक्यावर पदर घ्यावाच लागतो, त्यामुळे गळलेल्या केसांचीही काळजी मिटली. आत गेल्या, एका अनोळखी बाईच्या गळ्यात पडल्या आणि अशा रडल्या, की म्हातारीच्या सख्ख्या लेकी गप्प होऊन बघत राहिल्या. का रडतेस, असं तिथे कोणी विचारत नाही, उलट माणुसकीची बाई म्हणून नाव होतं. त्या घरी येऊन भरीत-भाकरी पोटभर जेवल्या आणि गाढ झोपल्या. पुढचा डोस ठरल्या दिवशी पार पडला. मोतीलालभाऊंनी त्याचं श्रेय हसण्याला दिलं.

प्रमिलाबाईंना मग नादच लागला. पेपर आला की आधी निधनवार्ता. ओळख असो नसो, त्या दारावर हजर. रडायच्या, हलक्या व्हायच्या, घरी येऊन जेवायच्या. पण एवढं सुख लोकांना बघवतं थोडंच? आजारी बाईने मयताच्या घरी जाणं बरं नव्हे, असे कोकिळाने भावाचे कान भरले आणि तीही वाट बंद झाली.

पुन्हा ताट तसंच उठू लागलं. डोसच्या दिवशी गाडी दारात उभी राहिली, तर प्रमिलाबाई खाटेवरून हलेनात.

"मी येत नही. बस व्हयनं आते."

मोतीलालभाऊंनी विनवलं, आवाज चढवला, सवयीने एक विनोदही सांगितला. त्या भिंतीकडे तोंड करून राहिल्या. तेव्हा मात्र ते घाबरले. "मंग तुले काय पाहिजे?"

"धुयामा एक घर मयत व्हयेल शे. पहिले तठे जाऊत."

धुळ्यात, पेपरात वाचलेल्या झुलाल नाना नावाच्या, कधी न पाहिलेल्या माणसाच्या दारात दोघं पोचली. त्या आत बायकांत गेल्या, हे बाहेर मंडपात पुरुषांत बसले. हसायची इथे सोय नव्हती. आतून बायकोचं रडणं ऐकू आलं. बंदी घातल्यापासून त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. आणि मग तेही असे फुटले, की कोणालाच आवरेनात. ज्याचा बाप गेला होता, तो नानांचा मुलगा समाधान स्वतःच पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आला. "भाऊ, नाना तुमचे कोण लागत होते?"

"कोनी नही," मोतीलालभाऊ म्हणाले. "मनी बायकोले कॅन्सर शे. ती मरी जाई, असं माले भ्याव वाटस."

आतलं रडणं थांबलं. तो शब्द आणि ती भीती नवऱ्याच्या तोंडून प्रमिलाबाई पहिल्यांदाच ऐकत होत्या. आपण एकट्याच भितो आहोत असं समजून त्या आजवर झुरल्या होत्या. त्यांना संतापही आला आणि फार बरंही वाटलं. त्या उठून बाहेर आल्या आणि पुरुषांच्या बैठकीत, सगळ्यांदेखत, नवऱ्याला लागून बसल्या.

"रडी ल्या," त्या म्हणाल्या. "मंग दवाखानामा जाऊत."