किबालेच्या फाटकातली सर्दी

“व्याही जंगलाच्या फाटकापर्यंत गेले, तिथे घाबरले आणि सर्दीचे निमित्त काढून परतले, बिचाऱ्या सोबत्यालाही चिंपांझी न पाहता यावे लागले.” आमच्या दोन्ही घरांत ही कथा सर्वमान्य आहे. तिच्यातला बिचारा सोबती मी. माझ्या मुलीचे सासरे, म्हणजे जेसल पार्कात राहणारे आमचे व्याही, यांच्याइतका निर्भय आणि निर्णयाचा पक्का माणूस भाईंदर पूर्वेस दुसरा नाही, हे मी प्रथम नोंदवतो. निर्णय घ्यायला त्यांना चार वर्षे लागतात, ही गोष्ट वेगळी.

भाजीवाल्यासमोर एका हातात दुधी आणि दुसऱ्या हातात पडवळ धरून ते जसे उभे राहतात, तसेच ते चार वर्षे तीन जंगलांसमोर उभे होते: युगांडातले किबाले, रवांडातले न्युंग्वे आणि टांझानियातले महाले. प्रत्येकाचे गुणदोष एका वहीत होते आणि वही सदैव काखेत. न्युंग्वेला चढ फार, म्हणून महिनाभर ते इमारतीचे सात मजले दिवसातून तीनदा चढले; लिफ्ट बंद पडली असे समजून लोकांनी सेक्रेटरीकडे तक्रारी केल्या. महालेला सरोवरातून होडीने जावे लागते, म्हणून जवळच्या पालीच्या कोळीवाड्यात जाऊन किनाऱ्याला बांधलेल्या एका होडीत दोन तास बसले. होडीवाल्याने शेवटी विचारले, “काका, जायचा कुठं हाय?”

“टांझानियाला.”

“मंग डिझेल पुरणार न्हाय.”

हेही त्यांनी वहीत लिहून घेतले.

माकडांसाठी एवढी यातायात कशाला, असे मी एकदा म्हणालो. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. “अहो, माकडाला शेपूट असतं. चिंपांझीला नसतं.” मग म्हणाले, “लहानपणी पिंजऱ्यातल्या एकाला मी खडा मारला होता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं. एकदा मोकळ्या रानात, रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर उभं राहायचंय.” घाबरट माणसाची ही भाषा नव्हे.

अखेर चढ बेताचा आणि दर्शनाची शक्यता चांगली म्हणून किबाले ठरले. आम्ही दोघे गेलो. सकाळी फाटकावर वनरक्षकाने नियम सांगितला: माणसाची सर्दी चिंपांझीच्या जिवावर बेतते, ज्याला ती असेल त्याने आत येऊ नये. सर्दी निमित्तापुरती नव्हती, खरी होती. वनरक्षकाने ती वीस पावलांवरून ऐकली. आता दोघांनी काय करायचे, हा प्रश्न उभा राहिला. व्याह्यांनी वही उघडली नाही. झाडांकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “चला खोलीवर. माकडं काय, पुढच्या वर्षीही असतील.”

माकडं, असे ते म्हणाले. मग दिवसभर खोलीत आल्याचे पाणी उकळत राहिले.

पुढे नातवाच्या बारशाला त्यांच्या मेहुण्याने भर पंगतीत विचारले, “काय भावोजी, पाय लटपटले ना?”

“लटपटले बुवा थोडे,” असे म्हणून व्याह्यांनी लाडवांचे ताट माझ्याकडे सरकवले. चुकीचे विधान मी आयुष्यात कुणाचे सोडलेले नाही. त्या दिवशी मी लाडू खाल्ला.

आता त्यांच्या गुडघ्यांना दोन मजलेही झेपत नाहीत. पुढच्या वर्षाचा विषय ते काढत नाहीत. वही मात्र अजून टीपॉयवर असते. तेव्हा हा वाद मी येथेच मिटवतो. त्या सकाळी सर्दी मला झाली होती.