स्क्रीनवर काय दिसते

दादा गेला तेव्हा हैदराबादला फोन मलाच लावावा लागला. हेमंतने, त्याच्या एकुलत्या एका मुलाने, सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं, "आत्या, थांबशील ना माझ्यासाठी?" मी म्हटलं, "हौ रे. तू ये. आम्ही थांबून राह्यलो." थंडीचे दिवस होते, म्हणून थांबता आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गोंदियाला उतरून टॅक्सीने आला आणि बापाच्या उशाशी बसला. मग सगळे वैनगंगेच्या घाटावर गेले. या गोष्टीला आता महिना उलटून गेला. मी अजून थकलेलीच आहे. झोप होते, पण थकवा जात नाही.

मनोहरदादा माझा थोरला भाऊ. सिंचाई खात्यात ओव्हरसिअर होता. बिरसा, लांजी असं जिथे पाठवतील तिथे मुकाट्याने जायचा आणि शेवटी बालाघाटला येऊन निवृत्त झाला. मी लग्न केलं नाही. इथल्याच शाळेत मास्तरीण होते आणि भावाच्या घरीच राहिले. आमच्या घरात बोलण्याचं काम वहिनीकडे होतं. दादाला काही हवं असेल तर तो नुसता घसा खाकरायचा, वहिनी ओळखायची. हेमंत शाळेतून उशिरा आला तर रागवायची वहिनी, आणि "बाबा चिडले आहेत" हेही तीच सांगायची. बाबा चिडले आहेत की नाही, ते बाबांनाही माहीत नसायचं.

ही वहिनी एका मे महिन्यात दोन दिवसांच्या तापाने गेली. हेमंतला कळवलं, तो निघालाही, पण गाडी कुठेतरी अडकून पडली. त्या दिवशी दादा अंगणात उभा राहून एकदाच म्हणाला, "घेऊन चला." नातेवाइकांनी विनवून पाहिलं, मीही म्हटलं की लेकरू रस्त्यात आहे. दादाने ऐकलं नाही. अग्नी त्यानेच दिला. हेमंत पोचला तेव्हा घाटावर राख तेवढी गरम होती. त्याने डोकं भादरलं, तेरवीपर्यंत सगळं रीतसर केलं आणि निघून गेला. त्यानंतर तो फोन करायचा तो मला. "बाबा बरे आहेत ना?" असं विचारायचा. दादा आतून म्हणायचा, "जेवतो का म्हणा वेळेवर." दोघांच्या मध्ये मी. वहिनीचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि मला ते तिच्यासारखं कधी जमलं नाही.

वर्षश्राद्धाला आला तेव्हा हेमंतने घरी कॉम्प्युटर आणला. फोटोंच्या आल्बमला वाळवी लागली होती. जे वाचले होते ते सगळे फोटो त्याने मशीनवर ठेवून आत उतरवून घेतले आणि चुरा होत आलेले ते फोटो आल्बमसकट पाण्यात सोडले. तेव्हापासून वहिनी फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती. दादा सरकारी माणूस, माउस धरायलाही त्याला महिना लागला. पण रोज संध्याकाळी मागच्या खोलीत बसून एकेक फोटो उघडायचा. मी आत गेले की उगाच पत्त्यांचा खेळ लावल्यासारखं करायचा.

पुढे हेमंतने कुरिअरने एक सीडी पाठवली. मशीनची सिस्टीम जुनी झाली आहे, हे अपडेट टाकून घ्या, असं मला फोनवर सांगितलं. दादाने सीडी घातली. काम अर्ध्यावर आलं आणि लाइन, म्हणजे वीज, गेली. त्या काळात आमच्याकडे लाइन असण्यापेक्षा नसायचीच जास्त. यूपीएस थोडा वेळ ओरडला आणि मेला. लाइन आली तेव्हा कॉम्प्युटर सुरू व्हायचा, कंपनीचं चित्र दिसायचं, एक निळा पडदा झर्रकन येऊन जायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. दादा दिवसभर त्याच्यासमोर बसून राहिला. मी जेवायला हाक मारली तर म्हणाला, "आत्ता चालू होईन." झाला नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षात घालून त्याने तो डबा बाजारातल्या दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "अंकल, फॉर्मेट मारना पड़ेगा." दादाने विचारलं, फोटोंचं काय? "सब साफ हो जाएगा." दादाने डबा उचलला आणि त्याच रिक्षाने घरी परतला. पायरीवर बसला. म्हणाला, "त्याले फोन लाव." वहिनी गेल्यापासून पहिल्यांदा त्याने हे स्वतःहून सांगितलं होतं.

हेमंत आधी चिडला. लाइनचा भरवसा नसताना अपडेट टाकलंच काहून, असं म्हणाला. मी आत जाऊन सांगितलं की तो म्हणतो काळजी करू नका. दादा म्हणाला, ज्याले समजते त्यानेच इथं येऊन पाहावं. मी बाहेर येऊन सांगितलं, बाबा विचारून राह्यले आता काय करू. असं आमचं सुरू झालं. फोन पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर मागच्या खोलीत, मध्ये स्वयंपाकघर. हेमंतला शनिवार-रविवारीच सुटी, आणि त्यातही लाइन असेल तेव्हाच. "आत्या, स्क्रीनवर काय दिसते?" तो विचारायचा. मी मागे जायची, दादा एकेक इंग्रजी अक्षर वाचायचा, मी ते घोकत पुढे यायची. निम्मी अक्षरं स्वयंपाकघरात सांडायची. बी की डी, यावरून घोळ व्हायचा. मग मी बी बकरीचा, डी डब्याचा असं पहिलीच्या पोरांसारखं सांगायला लागले. अमुक बटन दाबून सुरू करा, तमुक ओळ निवडा... सगळं करून झालं. आठवडे गेले. गुडघे माझे दुखायचे.

एका रविवारी मी स्वयंपाकघरातच खाली बसले. आतून दादा विचारत होता, काय म्हणते तो? बाहेर रिसिव्हरमधून हेमंत हॅलो हॅलो करत होता. मी दोघांनाही ऐकू जाईल असं म्हटलं, "मी थकली आता. तुमचं तुम्ही बोला." सोमवारी बाजारातून लांब वायर आणली, इलेक्ट्रिशियनला बोलावून फोन मागच्या खोलीत नेला आणि दादाच्या कोपराशी ठेवून दिला.

पुढच्या सुटीला दोघं बोलले. म्हणजे अक्षरंच बोलले. हेमंत सांगायचा, दादा एका बोटाने दाबायचा आणि परत वाचून दाखवायचा. सीडीवरून मशीन सुरू झालं, मग हार्ड डिस्क तपासायची होती. त्याला फार वेळ लागतो. टक्के मुंगीच्या चालीने पुढे सरकायचे आणि तोवर बोलायला काहीच नव्हतं. पण फोन कोणी ठेवला नाही. मी दारात शेंगा सोलत बसले होते. बऱ्याच वेळाने हेमंतने काहीतरी विचारलं. काय, ते त्याने मला पुढे सांगितलं... "बाबा, तेव्हा थांबले काहून नाही?"

दादा स्क्रीनकडेच पाहत होता. म्हणाला, "मे महिना होता रे. गावात बर्फ भेटला नाही. तिचा चेहरा बदलून राह्यलता." मग म्हणाला, "तुले तो पाहू द्याचा नव्हता."

मी शेंगा तशाच ठेवून अंगणात गेले. परत आले तेव्हा दादा टक्के वाचत होता.

त्या संध्याकाळी हेमंतने सांगितलेल्या शेवटच्या ओळी टाकल्यावर ते अर्धवट अपडेट निघालं आणि कॉम्प्युटर सुरू झाला. फोटो होते. सगळे नाही. काही उघडेचनात, काहींचा खालचा भाग करडा झाला होता. लांजीच्या क्वार्टरसमोरचा एक फोटो होता, वहिनीच्या मांडीवर लहानगा हेमंत. दादाने तो उघडला आणि फोनमध्ये म्हणाला, "तिचा चेहरा पुरा आहे. तू मात्र गेला." पलीकडे हेमंत हसला. ते मला दारापर्यंत ऐकू आलं.

त्यानंतर हेमंतचा फोन दर रविवारी दादालाच यायचा. बोलणं फार नसायचं. पाऊस, गुडघे, जेवण. पण दादाला मुलाशी बोलायचं तर त्या खुर्चीत, त्या स्क्रीनसमोरच बसावं लागायचं. फोन यायच्या वेळेआधीच जाऊन बसायचा. लाइन नसली, स्क्रीन काळा असला तरी त्याच्याकडे पाहूनच बोलायचा. समोर माणूस बसला असता तर त्याला एक शब्द सुचला नसता.

परवाच्या रविवारी हेमंतचा फोन आला. जेवलीस का, झोप लागते का, असं विचारत होता. मीही सांगत गेले, वहिनीचं, दादाचं, एरवी कधी बोलले नसते असं बरंच काही. बोलता बोलता लक्षात आलं, मी दादाच्या खुर्चीत बसले आहे आणि समोरच्या बंद स्क्रीनकडे पाहत आहे. उठावंसं वाटलं नाही. तशीच बोलत राहिले.