स्वच्छ नखांची कापणीवाली

नव्या घराच्या हॉलची भिंत रिकामी होती आणि आमच्या मिशिगनमधल्या ट्रॉयमध्ये यंदा 'रस्टिक', म्हणजे गावरान, सजावटीची साथ आलीय. म्हणून ओहायोतल्या एका म्युझियममध्ये एकोणिसाव्या शतकातली फ्रेंच शेतकऱ्यांची चित्रं बघायला निघालो: मी, भारतातून आलेली आई, दहा वर्षांची मुलगी रिया आणि शेजारच्या ज्योतीवहिनी. वहिनींनी ऑनलाइन आर्ट अप्रिसिएशनचा कोर्स केलाय. तेव्हापासून त्या कॅलेंडरकडेही मान तिरकी करून बघतात.

आय-७५ हायवेनं दीड तास लागतो. खड्डे फक्त मिशिगनच्या हद्दीत. प्रवेश फुकट, पार्किंग दहा डॉलर. कॅफेतलं सॅलड अठरा डॉलरला आहे, तेव्हा मेथीचे पराठे गाडीतच खाऊन घ्या.

वाटेत वहिनी म्हणाल्या, "तुम्हाला तर ही पेंटिंग्ज एकदम रिलेट होतील. गावाकडे केवढी शेती तुमची!"

ही थाप माझीच, पाच वर्षांपूर्वी एका पॉटलकमध्ये मारलेली. खरं तर आई दुसऱ्यांच्या शेतात मजुरीनं कापणीला जायची. ती मागच्या सीटवरच बसली होती. मी घाईनं रेडिओचा आवाज वाढवला.

मोठ्या दालनात ते भिंतभर चित्र होतं: कापणीला निघालेली अनवाणी मुलगी, हातात विळा. तेव्हाचे चित्रकार शहरातल्या स्टुडिओत मॉडेल उभं करून, अकादमीच्या नियमांनी घोटून घोटून अशा मुली रंगवायचे आणि शहरातले शेठ त्या दिवाणखान्यात लावायचे. म्हणजे माझेच पूर्वज.

"किती ऑथेंटिक ना!" वहिनी म्हणाल्या.

आई इतकी जवळ गेली की गार्डनं हटकलं. "नखात माती नाही, टाचेला भेग नाही," ती म्हणाली. "आणि विळा असा धरला तर पहिल्याच मुठीला करंगळी जाईल."

"काकू, तुम्हाला एवढं कसं माहीत?"

मी चित्राखालची पाटी वाचायला लागलो. आईनं माझ्याकडे बघितलं, डावा हात स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला आणि म्हणाली, "आमच्याकडं बायका यायच्या ना कापणीला. बघून माहितीय."

त्या हाताच्या करंगळीवर विळ्याचा जुना व्रण आहे. माझी थाप झाकायला तिनं तो लपवला. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. तरीही गिफ्ट शॉपमधून त्याच चित्राची चाळीस डॉलरची प्रिंट घेतलीच.

प्रिंट अजून गुंडाळलेलीच आहे. घरी आल्यावर रियानं विचारलं, "बाबा, व्हॉट हॅपन्ड टू आजीज फिंगर?" तिला सगळं सांगितलं आणि ही पोस्ट लिहायला बसलो. वहिनी, आमची शेती नव्हती. आई कापणीला जायची, त्यावर मी शिकलो.

पोस्ट करण्याआधी आईला वाचून दाखवलं. वाटलं, नको म्हणेल.

"हे पण लिही," ती म्हणाली. "प्रत्येकीला कापायला शेताची एकेक पात वाटून द्यायचे. माझी पात सगळ्यांच्या आधी संपायची."