खिडकीतलं मासोळीचं तेल

चमचा आधी स्वतःच्या तोंडात. मग जिभेनं मिशी दोन्ही बाजूंनी पुसायची, डोळे मिटून "वा!" म्हणायचं आणि आईच्या पदरात तोंड लपवलेल्या लेकराला सांगायचं, "पयले मी, मंग तू."

आमच्या कंपाउंडरची ही रीत. मासोळीचं तेल तुम्ही कधी घेतलं असेल, तर त्या "वा!"ला काय छाती लागते ते तुम्हाला कळेल. बार्शीटाकळीच्या वाटेवरच्या त्या लहानशा दवाखान्यात मी केसपेपर लिहायचो. तीस लेकरं आली की तीस चमचे आधी त्यांच्या पोटात जायचे. मिशीला असा वास बसला होता, की ते अकोल्याला मोटारीतून उतरले की स्टँडवरच्या मांजरी मिरवणुकीनं मागे निघत. एक तर तिकीट काढून परतीच्या मोटारीत बसली होती. मी पाहिली नाही, पण कंडक्टर आमच्या नात्यातला होता, तो कशाला खोटं बोलेल?

लेकरांच्या डोळ्यांसाठीचं हे तेल डब्यातून यायचं. ते पांढऱ्या काचेच्या मोठ्या शिशीत ओतून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवायचं, ही त्यांचीच कल्पना. ऊन पडलं की शिशी सोन्यासारखी पेटायची. त्यांच्या घरानं नागपूरला जाऊन धम्म स्वीकारला, त्याला तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. मला म्हणाले, "बापू, माह्या बापाच्या हातचं पाणी ज्यायले चालत नव्हतं, त्यायचे लेकरं माह्या हातचा चमचा चाटून राहिले. दिसू दे की रस्त्यावरून!"

मलाही ती शिशी आवडायची.

घरी त्यांची नात होती, सुमी. आई बाळंतपणात गेलेली, आजोबांनीच वाढवलेली. पाच वर्षांची पोट्टी, पण बडबड अशी की शिवारातले पोपट शिकायला येत. एका संध्याकाळी ती दवाखान्याच्या उंबऱ्याला ठेचकाळली. दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तिथेच. दिवस मावळला की तिला दिसेना.

"आपल्या घराण्यातच हाये," त्यांची म्हातारी बहीण म्हणाली. "मायलेही असंच होतं."

"घराणं काय करते? चमचा वाढवतो मी."

त्याच खिडकीतल्या शिशीतून त्यांनी एकाचे दोन चमचे केले. त्या उन्हाळ्यात गावात गोवर आला. सुमीच्या अंगावरचा गोवर उतरला, पण दोन्ही डोळ्यांत पांढरी फुलं पडली. अमरावतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. नजर काही परत आली नाही.

पुढं महिन्याभरानं अमरावतीहून एक डॉक्टर तपासणीला आले. खिडकीशी थबकले, शिशी उघडून हुंगली.

"हे उन्हात कुणी ठेवलं? लोखंडाला गंज चढतो ना, तसा तेलालाही चढतो. ऊन-हवा लागली की डोळ्यांच्या कामाचं जे असतं, ते आधी मरतं. खाली उरतं ते नुसतं खवट तेल."

रोज तीस चमचे चाखणाऱ्या जिभेला ते कळलं नव्हतं. "वा!" म्हणायची सवय होती ना!

कंपाउंडर कपाट धरून उभे होते. सुमीचं सारं मीच सांगितलं. डॉक्टरांचा आवाज खाली आला. "घराण्यात होतंच म्हणता ना? मग तो दोषही असेल. गोवरानंही डोळे जातात."

सुटायला एवढं पुरे होतं.

"नाई सायेब," कंपाउंडर म्हणाले. "घराण्यावर नोका घालू. शिशी मी ठेवली."

त्याच दुपारी त्यांनी आपल्या छत्रीचं काळं कापड उसवलं आणि नव्या डब्यातल्या तेलाच्या शिशीला त्याचा अंगरखा शिवला. मग वैशाखाच्या उन्हात, जेव्हा आमच्याकडचे कावळेसुद्धा सावली धरून पायी चालतात, हा माणूस उघड्या डोक्यानं घरोघर फिरला. केसपेपरवरची नावं मी वाचून दिली. प्रत्येक दारात तेच बोलणं : "मी देल्लं थे तेल मेलेलं होतं. माही चूक. हे ताजं हाये. अन् माय, भाजी कोरडी नोको देऊ लेकराले, तेलाची धार सोडत जा, त्याबिगर भाजीतलं डोयाले लागत नाई."

पाटलांच्या म्हातारीनं दारातच ऐकवलं, "म्या म्हनलंच होतं, याच्या हातचं नोका घेऊ!"

त्यांनी मान खाली घातली, चमचा भरला. "पयले मी," म्हणाले. "वा!" मात्र त्या दिवसापासून कुणी ऐकलं नाही.

साऱ्या गावाला सांगितलं. सुमीला सांगणं तेवढं जमेना. "कसं सांगू, बापू? अजून चमचा वाजला का थे तोंड उघडते."

सात-आठ वर्षं गेली. ते खाटेला लागले तेव्हा मी भेटायला गेलो. सुमी औषधाची शिशी चाचपत होती. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"सुमे, तुले एक सांगाचं होतं..."

"शिशीचं?" ती म्हणाली. "मले ठाऊक हाये, आबा. तुमी साऱ्या गावाले सांगतलं. गाव मले सांगनार नाई का?"

चमच्याच्या काठाला बोट लावून तिनं औषध ओतलं. आधी स्वतः ओठ लावले. कडू जहर असणार, तोंड वाकडं झालं.

"वा!" ती म्हणाली. "पयले मी, मंग तुमी."

त्यांनी तोंड उघडलं. अर्धं औषध मिशीवर सांडलं. सुमीनं ते बोटांनी पुसलं, दोन्ही बाजूंनी.

आठव्या दिवशी ते गेले.

त्यांची छत्री, नुसत्या काड्यांची, दवाखान्यातल्या खुंटीला तशीच राहिली. मी तिथून निघेपर्यंत ती कुणी काढली नाही. सकाळी त्या मोकळ्या खिडकीतून ऊन यायचं आणि काड्यांमधून आरपार भिंतीवर पडायचं.