एका डोळ्याची राखण

कार्तिक संपत आला होता. दुपारी छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवत बसलो होतो, तेव्हा आमच्या वाडीतला गोविंदा दारात येऊन उभा राहिला. तो नुकताच आगबोटीतून उतरला होता. एरवी मुंबईत आला की हा माणूस रस्त्यावरूनच हाका मारत येतो. त्या दिवशी तो गुपचूप आत आला, माझ्याशेजारी खाली बसला आणि म्हणाला, "बाय गेली रं." तापाचं निमित्त झालं होतं. मला कळवायला माणूस निघेपर्यंत सगळं आटोपलंही होतं... आता महिना होत आला. वाडीला जाऊन आलो, पुन्हा कामाला लागलो, पण बहिणीबद्दल चार ओळी लिहिल्याशिवाय मन स्वस्थ होईना. दुसऱ्यांचं लिहिलेलं जुळवण्यात माझा जन्म गेला. हे एवढं माझं स्वतःचं.

चांगुणाबाय माझी थोरली बहीण. दिघीच्या खाडीच्या तोंडाशी आमची कोळीवाडी. आई लवकर गेली, तेव्हा मला वाढवलं ते बायनेच. मला शाळेत घालायचा हट्टही तिचाच; "याला दर्या लागतो, हा ओकतो, हा शिकू दे," असं तिने बापाला बजावलं होतं. तिचं लग्न वाडीतल्याच हिराजी तांडेलाशी झालं. तांडेल म्हणजे होडीचा कर्ता. सुकाणू त्याच्या हाती आणि खलाशांचा जीव त्याच्या भरवशावर. भावजी उंचेपुरे, अबोल आणि आपल्या कामाचा मोठा अभिमान असलेले. बाय त्यांच्या अगदी उलट. सुके बोंबील आणि सुकट घेऊन ती माणगावच्या बाजाराला जायची, तेव्हा तिचा आवाज तिच्या आधी बाजारात पोचायचा. ती भांडायची, पण खोटं बोलायची नाही, आणि एकदा मनात धरलेली गोष्ट सोडायची नाही. हा शेवटचा गुण वाडीतल्या लोकांना फारसा आवडत नसे. पुढे त्याच गुणाने एका माणसाची दृष्टी राखली.

भावजींना संध्याकाळी दिव्याभोवती रंगीत कडं दिसू लागलं होतं. मधूनमधून कपाळ ठणकायचं, उलटी व्हायची. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही. बायच्या लक्षात आलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. ताटाच्या डाव्या बाजूला वाढलेली चटणी तशीच राहायची. डावीकडून कोणी रामराम केला तरी भावजी बघायचे नाहीत, आणि लोक म्हणायचे, तांडेलाला गर्व चढला. मग एकदा भरतीबरोबर खाडीत शिरताना त्यांच्या होडीने डाव्या अंगाला असलेली दुसरी होडी ठोकरली. माणसं वाचली, पण वाडीत कुजबूज सुरू झाली. वैद्याने डोळा पाहून मोतीबिंदू सांगितला, पिकू द्या म्हणाला आणि कसल्याशा पाल्याचा रस घालायला दिला. त्यानंतर थोड्याच दिवसांत डावा डोळा लालभडक झाला आणि तो धिप्पाड माणूस डोकं भिंतीवर आपटू लागला. बायने कोणाला विचारलं नाही. मासळीची पाटी जावेच्या हवाली केली आणि नवऱ्याचा हात धरून ती मुंबईच्या आगबोटीत चढली.

मी तेव्हा छापखान्यात नवा होतो. त्या दोघांना घेऊन मी डोळ्यांच्या इस्पितळात गेलो. डॉक्टर शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी भावजींना डोळे मिटायला लावून पापणीवरून दोन बोटांनी हलकेच दाबून पाहिलं, एक डोळा, मग दुसरा. नंतर दिवा धरून बराच वेळ आत पाहिलं. "हा मोतीबिंदू नाही," ते म्हणाले. "काचबिंदू आहे. डोळ्यात पाणी तयार होतं आणि बारीक वाटेनं निघून जातं. ती वाट तुंबली की आत दाब वाढतो, आणि त्या दाबानं नजरेची नस मरते."

"खाडीचं तोंड रेतीनं बुजल्यावानी," बाय म्हणाली.

डॉक्टरांना हसू आलं. "तसंच. डावा डोळा गेला, बाई. त्याचा ठणका थांबवू, पण नजर येणार नाही. उजव्यालाही सुरुवात झालीय. त्यात हे थेंब रोज घालायचे. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. थेंबांनी दाब आवरला नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करू."

"किती दिस?"

"जन्मभर."

"बरं वाटलं तरी?"

"बरं वाटलं तरी. या औषधानं नजर वाढणार नाही. आहे तेवढी राखायची."

"आनि थांबवलं तर?"

डॉक्टरांनी भावजींच्या डाव्या डोळ्याकडे नुसतं पाहिलं. बायने पदर कमरेला खोचला आणि म्हणाली, "मंग दावा, कसं घालायचं ते."

दुसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर तिने मला उताणं निजवलं आणि साधं पाणी घेऊन माझ्या डोळ्यांवर सराव सुरू केला. काचेची नळी, तिला रबराची टोपी. ती दाबली की थेंब पडायचा. कोयत्याने मासळी कापणारे, मिठाने चिरलेले ते हात. पहिला थेंब नाकावर, दुसरा कानात. मी हसायला लागलो की चापट मिळायची. खालची पापणी ओढून तिची झोळी करायची, त्यात थेंब सोडायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून धरायचा, म्हणजे औषध घशात उतरत नाही... माझी उशी भिजून गेली, पण परत जाण्याच्या आगबोटीत बसताना बायचा हात अगदी स्थिर झाला होता.

खरी अडचण वाडीत गेल्यावर सुरू झाली. औषध झोंबायचं. भुवई दुखायची. डोळ्यातली बाहुली आकसून मोहरीएवढी व्हायची आणि तिन्हीसांजेला भावजींना अंधुक दिसायचं. फायदा मात्र डोळ्यांना दिसेल असा काहीच नव्हता. ज्या औषधाने झोंबतं, अंधारतं आणि गुण येत नाही, ते माणसाने का घालावं? शेजारणी म्हणाल्या, मुंबईच्या पाण्याने असलेला डोळाही जाईल. भावजींनाही तेच वाटू लागलं. ते थेंब पुसून टाकू लागले. एके दिवशी त्यांनी सरळ सांगितलं, "ही दवा मला आंधला करतेय. सांजच्याला मला खाडीचं तोंड दिसत न्हाय. मी तांडेल हाय का कोन?"

"सांजच्याला दिसत न्हाय ना? मंग तांडेलकी सोडा," बाय म्हणाली. "डोला राखा."

तांडेलाला हे असं कोणी म्हणत नाही, बायकोने तर नाहीच. भावजींनी तिच्याशी बोलणं टाकलं. मी तेव्हा होळीसाठी वाडीला गेलो होतो, म्हणून पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. सकाळची वेळ होती. भावजी किनाऱ्यावर जाळं पाहत उभे होते. बाय त्यांच्या मागून गेली आणि तिने आपला तळवा त्यांच्या उजव्या डोळ्यावर ठेवला. डावा तर गेलेलाच. भावजी दचकले, पण हलले नाहीत.

"दर्या कुठं हाय, दावा," ती म्हणाली.

त्यांनी आवाजाच्या दिशेने हात केला.

"आपली होडी?"

त्यांचा हात वर गेला, इकडे वळला, तिकडे वळला आणि खाली आला. किनाऱ्यावरच्या बायका मासळी निवडायच्या थांबल्या होत्या. बाय अगदी हळू बोलली, पण मी जवळ होतो. "आज माझा हात हाय. मी काढीन. ह्यो रोग हात ठेवील तवा काढनारा कोन न्हाय." आणि तिने तळवा बाजूला केला. भावजी बराच वेळ समोर बघत राहिले. नंतर ते घरी आले, ओटीवर उताणे झाले आणि म्हणाले, "घाल."

त्याच आठवड्यात त्यांनी सुकाणू धाकट्या भावाच्या, गोमाच्या हाती दिलं. ज्याला आपणच वल्हं धरायला शिकवलं त्याच्या हुकमाखाली ते दिवसाच्या फेरीला खलाशी म्हणून जाऊ लागले, आणि बाकीचा वेळ जाळी विणू लागले. बायचा निश्चय मी नेहमीच वाखाणला; पण भावजींनी जे केलं तेही लहान नव्हतं. आणि बायला ते कळत होतं. थेंब घालून कोपरा दाबून धरला की ती त्यांना गावभरच्या बातम्या सांगायची: कोणाचं डोलीचं जाळं फाटलं, कोणाच्या पोरीला मागणी आली, बाजारात कोणी कोणाला शिव्या दिल्या. डोळा मिटून पडल्याने त्यांना उठून जाता यायचं नाही. "एवढाच येल ह्यो मानूस माझं ऐकतो," असं ती मला म्हणायची. त्या नवराबायकोचा सगळा संसार त्या थोड्या वेळात बोलून व्हायचा, असं मला वाटतं.

पावसाळा आमच्या किनाऱ्यावर मुंबईची वाट बंद करतो. आगबोटी थांबायच्या आधी मी औषधाच्या बाटल्या पाठवत असे आणि बाय त्या ओल्या रेतीच्या मडक्यात, उजेड लागणार नाही अशा जागी पुरून ठेवी. एका वर्षी श्रावणात तिने बाटली काढली तर औषध गढूळ झालेलं. दुसरी काढली, तीही तशीच. तिची जाऊ म्हणाली, घाल तेच, काय होतंय. बायने घातलं नाही. ती पडत्या पावसात निघाली. खाडीतून तरीने म्हसळ्याकडे, तिथून पायी माणगावला. तिथे तिच्याकडून वर्षानुवर्षं सुकट घेणारं एक कुणबी कुटुंब होतं. त्यांनी तिला कोरडं नेसायला दिलं, पेज पाजली. माणगावच्या दवाखान्यात तसलं औषध नव्हतं. मग मोटारीने धरमतर आणि तिथून लाँचने मुंबई. छापखान्याच्या दारात ती उभी राहिली तेव्हा तिच्या पायांना चिखल होता आणि पदराच्या गाठीत त्या दोन बाटल्या. बस म्हटलं तर बसेना. "बाला, ह्ये पानी बिघडलंय का मला उगाच वाटतंय, ते आधी इचारून ये."

तिला उगाच वाटलं नव्हतं. डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली आणि म्हणाले, "हे घातलं असतं तर डोळा पिकला असता." नवं औषध घेऊन आम्ही दोघं आल्या वाटेने परत निघालो. वाटभर तिने नव्या बाटल्या पदराआड जपल्या. घरी पोचलो तर भावजी अंधाऱ्या खोलीत डोक्याला फडकं बांधून पडलेले, उजवा डोळा लाल. त्यांनी पावलं ओळखली. "आलीस?" एवढंच म्हणाले. तिने हात धुतले, पुसले आणि थेंब घातला. दोन दिवस ती वेळ चुकू न देता थेंब घालत राहिली. तिसऱ्या सकाळी भावजी दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "गोमानं शीड उलटं बांधलंय." बाय चुलीपुढे होती. तिथेच बसून ती रडली. तिला रडताना मी तेवढंच पाहिलं. दसऱ्यानंतर डॉक्टरांनी तपासलं. थोडी नजर त्या दिवसांत गेली होती, बाकीची टिकली होती.

पुढे तिला एक खोडच लागली. बाजारात कोणी डोकं दुखतंय म्हटलं की ही विचारायची, "दिव्याभवती रंगाचं कडं दिसतं का?" लोक हसायचे. पण माणगावच्या त्या कुणबी घरातल्या म्हातारीने हसण्यावारी नेलं नाही. ती वेळेत इस्पितळात गेली, आणि अजून स्वतःचे तांदूळ स्वतः निवडते.

एक गोष्ट मात्र बायने कधी केली नाही. थेंब घालायचं काम तिने दुसऱ्या कोणाला दिलं नाही. पुढे घरात सून आली, पण तिने हात पुढे केला की बाय बाटली मागे घ्यायची. मला वाटतं, त्यात थोडा तिचाही अभिमान होता. तापाने ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिला त्यातली चूक उमगली. सून सांगत होती, आत्याबाईंनी मामंजींना जवळ बसवलं, बाटली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता तुमीच घाला. मी बघते." त्यांचा थेंब गालावर पडला. त्या रागावल्या. दुसरा पडला, तेव्हाही रागावल्या. डोळ्यात पडला तेव्हा म्हणाल्या, "व्हय, अस्सं," आणि कुशीवर वळल्या. दुसऱ्या दिवशी त्या गेल्या.

मी वाडीहून परत निघालो त्या सकाळी भावजी मला पोचवायला किनाऱ्यावर आले. आगबोटीपर्यंत नेणारा पडाव तयार होता, आगबोटीचा पत्ता नव्हता. मी समुद्राकडे पाहत होतो. दोन्ही डोळे धडधाकट, चष्मा लावलेला, आणि समोर धुक्यासारखा पांढुरका उजेड. भावजी वाळूवर बसले. कमरेच्या फडक्यातून त्यांनी बाटली काढली, मान मागे टाकली, पापणी ओढली आणि थेंब सोडला. कोपऱ्यावर बोट ठेवून ते डोळा मिटून बसून राहिले. लाट आली, गेली. मग त्यांनी बोट काढलं, डोळा उघडला आणि क्षितिजाकडे पाहिलं.

"धूर दिसतोय," ते म्हणाले. "बोट आली."

मला काहीच दिसत नव्हतं. बऱ्याच वेळाने, त्यांनी दाखवलं होतं बरोबर तिथे, एक बारीक काळी रेघ उमटली.